आर्डिसची छत्तीस चौकोनांची गोधडी

अमेरिकेतल्या आमच्या एल्सबर्ग गावात कुणाच्या घरात किती वाजता भांडण झालं, हे भांडणाऱ्यांच्या आधी मला कळतं. पण आर्डिस लिंडक्विस्टनं अख्खा उन्हाळा माझ्या शेजारच्या पडवीत बसून काय शिवलं, याचा मला पत्ता लागला नाही. हा अपमान मी अजून गिळलेला नाही, म्हणून आधीच सांगून टाकतो.

आर्डिस अठ्ठ्याहत्तर वर्षांची. शाळेच्या स्वयंपाकघरात एकतीस वर्षं नोकरी. दर गुरुवारी चिली, म्हणजे राजमा-खिम्याचं तिखट कालवण, आणि त्याबरोबर दालचिनीचा रोल. बँकेच्या मॅनेजरचा पोरगा असो की डुकरं पाळणाऱ्याचा, डाव काठोकाठ भरायचा आणि वरून सुरीनं सपाट करायचा. एक दाणा इकडे नाही, तिकडे नाही. तिच्या नवऱ्यानं एकदा "मला जरा जास्त वाढ" म्हटलं, तर बिचाऱ्याला तिनं पोरांच्या रांगेत शेवटी उभं केलं होतं. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

दर बुधवारी आमच्या लुथरन चर्चच्या तळघरात आठ बायका गोधड्या शिवतात. त्या टांझानियातल्या एका दवाखान्यात जातात. तिथली नर्स रेहेमा न चुकता आभाराचं पत्र पाठवते. गेल्या एप्रिलच्या पत्रात मात्र वेगळंच होतं. "गोधड्या पोचल्या. क्षयाची औषधं डिसेंबरपर्यंत पुरतील. तुमच्या सरकारचा पैसा थांबला, तर मी रोग्यांना गोधडी पांघरवून घरी पाठवीन."

"या पैशाबद्दल आपला ग्रँट काय करतो गं?" आर्डिसनं विचारलं.

"भाषणात तर म्हणतो, आपल्यासारखा दयाळू देश नाही," शेजारी शिवत बसलेली व्हर्ना म्हणाली.

"भाषण नको सांगू. मत कुठं देतो?"

ते कुणालाच माहीत नव्हतं. ग्रँट हॅव्हलिक बारा वर्षं आमचा खासदार. आर्डिसच्या हातची चिली खाऊनच मोठा झालेला. आर्डिस वाचनालयात गेली आणि तिथल्या बाईला कामाला लावून परदेशी मदत आणि जगाच्या आरोग्यावर ग्रँटनं संसदेत दिलेलं एकूण एक मत काढून घरी आली.

ऑगस्टमध्ये जत्रा भरली. आमच्याकडे रीत अशी, की खासदारानं एका गोधडीला आपल्या हातानं पहिल्या बक्षिसाची जांभळी फीत लावायची. शिवणारीचं नाव घडी घातलेल्या चिठ्ठीत. ग्रँट आला, हात हलवत, हसत, एका हातात सॉसेज. गोधड्यांपुढून फिरता फिरता एकीपाशी थबकला. गडद तपकिरी चौकोन, मध्येच कुठं चार पिवळे. खालच्या कोपऱ्यात एक चौकोन कोराच.

"वा! नांगरलेल्या रानात सूर्यफुलं उगवल्यासारखी वाटतात," म्हणत त्यानं फीत लावली. फोटो निघाला. चिठ्ठी उघडली.

"अरे वा, मिसेस लिंडक्विस्ट! नाव काय हो या नक्षीचं?"

"तुझंच नाव, ग्रँट. तपकिरी म्हणजे तू नाही म्हणालास. पिवळा म्हणजे हो. मागं तारखा भरल्यात दोऱ्यानं, बघ."

मी तोंडातला घास गिळायलाच विसरलो. लोक पुढं सरकले.

"अहो, ही मतं इतकी सोपी नसतात. एकेका विधेयकात शंभर गोष्टी कोंबलेल्या असतात."

"म्हणून तसली घेतलीच नाहीत. नुसत्या औषधांची आणि मदतीची घेतली. पस्तीस झाली."

ग्रँटनं गोधडी उलटी केली. कान लाल झालेले. बोट फिरवत फिरवत तो एका तारखेवर थांबला.

"नऊ जून," तो हळूच म्हणाला. "मिसेस लिंडक्विस्ट, त्या दिवशी मी मत दिलंच नाही. त्या दिवशी आईला पुरलं."

आता कान लाल होण्याची पाळी आर्डिसची. यादीत "मत नाही" असं होतं. जो हजर नाही तो नाहीच म्हणाला, असं धरून तिनं तपकिरी लावला होता. आणि त्याच दिवशी, चर्चच्या तळघरात, दफनानंतरच्या जेवणासाठी शंभर माणसांचं हॅम हिनंच कापलं होतं!

"चुकलं माझं," ती म्हणाली. पर्समधून कात्री काढली आणि फितीसकट गोधडी टेबलावर पसरून तो चौकोन सगळ्यांदेखत उसवला. "यात तुझ्या आईचं कापड घालीन. तिच्या निळ्या चौकड्यांच्या एप्रनचे तुकडे आमच्या पेटीत आहेत अजून. ती पण रेहेमासाठी शिवायची."

"आई?"

"दर बुधवारी. तुला कधी विचारावंसं वाटलं नाही होय?"

त्यानं कोऱ्या चौकोनाकडे बोट केलं. "हा?"

"सप्टेंबरच्या मताचा. क्षयाच्या औषधांचा पैसा. मी दोन्ही रंग कापून ठेवलेत, बाबा."

ग्रँट सॉसेज तिथंच विसरून गेला. सॉसेज कुणी खाल्लं, ते मी सांगणार नाही.

सप्टेंबरात मतदानाच्या दिवशी दुपारी आठ बायका आणि न बोलावलेला मी तळघरात टीव्हीपुढं. आकडे पळत होते. हो किती, नाही किती, एवढंच; पडद्यावर नाव एकाचंही नाही. सहा मतांनी विधेयक पास झालं! बायकांनी आरडाओरडा केला. आर्डिस हलली नाही.

मग भिंतीवरचा फोन वाजला.

"मिसेस लिंडक्विस्ट, सुई ओवलीत का?"

"थांब. यादी लागू दे आधी."

"अहो, मी स्वतः सांगतोय ना!"

"भाषणातही तू स्वतःच सांगायचास."

खासदार फोनवर ताटकळला. अकरा मिनिटं, मी घड्याळ लावून मोजली. शेवटी व्हर्नाच्या मोबाइलवर नावं आली. तिनं चष्मा वर केला, खाली केला आणि किंचाळली, "हॅव्हलिक, हो!"

आर्डिसनं पिवळा तुकडा उचलला. एवढी घट्ट मनाची बाई, पण सुईत दोरा जाईना. व्हर्नानं ओवून दिला.

"ग्रँट," ती फोनमध्ये म्हणाली, "शिवते रे आता."

"मग पुढच्या निवडणुकीत मत मला ना?"

"तीस तपकिरी आहेत अजून," आर्डिस म्हणाली आणि फोन ठेवला. तळघर हसून हसून फुटायचं बाकी राहिलं.

जानेवारीत रेहेमाचं पत्र आलं. औषधं पोचली होती, एकाही रोग्याला घरी पाठवावं लागलं नव्हतं. आर्डिसनं ते मोठ्यानं वाचलं, घडी घालून एप्रनच्या खिशात ठेवलं आणि नवं कापड अंथरलं. पुन्हा सहा चौकोन आडवे, सहा उभे. या वेळी आमच्या राज्याच्या सिनेटरचं नाव आहे, आणि या वेळी मला आधीपासून माहीत आहे.