शुक्रवारचे जोड

माझ्या धाकट्या भावानं आमच्या मल्लेश्वरमच्या घरात विमान बांधलं. खेळण्यातलं नव्हे, एका माणसानं आत बसून उडवायचं. हे सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग पुढे काय झालं ते विचारतात.

नव्वदच्या दशकातली सुरुवातीची वर्षं. आई-वडील जाऊन बराच काळ झाला होता, घरात आम्ही दोघंच. मी घरी ब्लाउज शिवायचे, तो पीण्या नावाच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या कारखान्यात लेथवर होता. दोघांचीही लग्नं राहून गेली होती आणि त्याचं आम्हांला फारसं काही वाटत नव्हतं, वाटायचं ते नातेवाइकांना. एक दिवस परदेशातून लांबलचक खोकं आलं. आत लाकडाच्या बारीक पट्ट्या, प्लायचे तुकडे, गोंदाचे डबे आणि नकाशांची भेंडोळी.

"हे काय रे?" मी विचारलं.

"विमान, अक्का. जोडायचं राहिलंय फक्त."

त्या 'फक्त'ला चार वर्षं लागली. हॉलमधला सोफा मागच्या पडवीत गेला. पंख इतका लांब की त्याचं टोक स्वयंपाकघरात शिरून माझ्या डब्यांच्या फळीला टेकायचं. पोळ्या लाटताना माझा धक्का लागला की भाऊ हॉलमधून ओरडायचा, "अक्का, स्वल्प जपून!" मी म्हणायचे, "तुझ्या पंखाला सांग जपून राहायला, स्वयंपाकघर माझं आहे." मी सारखी करवादायचे, पण खरं सांगते, घर इतकं भरलेलं मला पुन्हा कधी वाटलं नाही.

पंखाच्या आत ओळीनं फासळ्या असतात. प्रत्येक फासळी पट्ट्यांची, आणि पट्टी पट्टीला जिथे मिळते तिथे प्लायचा छोटा तुकडा गोंदानं चिकटवायचा. भाऊ पट्ट्या ठोकायचा, गोंद लावायचा, आणि सांधे हलू नयेत म्हणून ते धरून बसायचं काम माझं. गोंद कालवला की त्यातलाच थोडा घेऊन तो दोन फालतू तुकडे जोडून ठेवायचा. दुसऱ्या दिवशी ते पकडीनं मोडायचे. लाकूड फाटलं तर गोंद चांगला. लाकूड शाबूत राहून जोडच सुटला, तर आदल्या दिवसाचं सगळं काम फुकट. चार वर्षांत एकदाही जोड सुटला नाही.

वीजकपातीमुळे त्याच्या कारखान्याला शुक्रवारी सुटी असायची, म्हणून गोंदाचं काम शुक्रवारी. आणि शुक्रवार माझ्या न्हाण्याचा. आमच्याकडे बायका मंगळवारी-शुक्रवारी डोक्याला तेल चोपडतात, तासभर मुरू देतात, मग शिकेकाईनं न्हातात. नेमक्या त्या तासात याची हाक यायची, "अक्का, ये बेगा, गोंद घट्ट होतोय!"

विमान पुरं झालं. फासळ्यांवर चढवायचं कापड मीच शिवलं होतं. तपासणारे अधिकारी बघून गेले, कागद आले. पुढच्या आठवड्यात सगळं ट्रकमध्ये घालून गावाबाहेरच्या एका खाजगी धावपट्टीवर न्यायचं ठरलं. भाऊ घरभर शीळ घालत फिरत होता आणि माझा जीव टांगणीला लागला होता. अशात एका शुक्रवारी तळव्यावर तेल ओतलं आणि हात तसाच राहिला.

तेलकट लाकडाला गोंद धरत नाही, हे त्यानंच मला सांगितलं होतं. फासळ्या माझ्या हातांत असायच्या. मोडून बघायचे तुकडे मात्र तो एकटाच जोडायचा, स्वतःच्या कोरड्या हातांनी. ते कधी सुटणारच नव्हते.

मग मी आठवायला लागले. हाक आल्यावर मी न्हाणीघरात जाऊन साबणानं हात धुवायचे का? कधी वाटायचं, धुवायचे. साबणाची वडीसुद्धा डोळ्यांसमोर यायची. कधी वाटायचं, पदराला पुसून तशीच धावायचे. पाच दिवस मी तोंड उघडलं नाही. सहाव्या दिवशी जेवताना सांगितलं.

त्यानं घास खाली ठेवला. "कुठल्या फासळ्या?"

"आठवत नाही."

"हात धुतले नव्हतेस?"

"नव्हते," मी म्हणाले. ठाम म्हणाले. 'बहुतेक' म्हटलं असतं तर तो हसून गेला असता.

तो रागावला नाही. पातं घेऊन आला आणि मी शिवलेलं कापड त्यानं टोकापासून टोकापर्यंत कापलं. जोड चांगला की वाईट हे वरून दिसत नाही, मोडला तरच कळतं. त्यानं पहिला मोडला. लाकूड फाटलं. दुसरा मोडला, तिथंही लाकूडच फाटलं. दोन दिवस तो मोडत होता आणि मी दारात उभी राहून एक तरी सुटू दे म्हणत होते. एकही सुटला नाही.

"सगळे चांगले होते, अक्का," तो म्हणाला. मला बोल लावायला नाही म्हणाला. नुसतं सांगितलं. मी त्याच्यासाठी पुन्हा भात गरम केला.

नवं लाकूड त्यानं कधी मागवलं नाही. सोफा परत हॉलमध्ये आला. अजूनही स्वयंपाकघरातून बाहेर येताना मी अंग चोरून कडेनं चालते, मध्ये काही नसताना. वरून विमानाची घरघर आली की भाऊ मान वर करायचा नाही, आणि त्यानं मान वर केली नाही हे मी दर वेळी बघायचे.

पुढे त्याचं हृदय कमकुवत झालं. शेवटच्या आजारात, दुपारी मी पेज भरवत असताना, त्यानं एकदाच विचारलं, "अक्का, खरंच होतं काय गं तेल हाताला?"

"होतं रे," मी म्हणाले.

"मग सरी, ठीक आहे. सांगितलंस ते बरं केलंस."

त्यानं माझा हात धरला आणि राहिलेली पेज संपवली. आठवड्याभरात तो गेला. ते हात धुतलेले होते की नव्हते, मला तेव्हाही ठाऊक नव्हतं, आजही नाही. जेवताना सांगितलं तेव्हा मला त्याला उडायला जाऊ द्यायचं नव्हतं, एवढं एकच नक्की आठवतं.