तोरण नसलेले गाळे

ते प्रकरण आठवलं की निवृत्तीनंतरही माझं डोकं तापतं. नोकरीत खुनी पाहिले, दरोडेखोर पाहिले, पण असा संताप मला कुणाचा आला नाही.

मी तेव्हा नाशिकला आर्थिक गुन्हे शाखेत होतो. देवळाली कॅम्पातल्या एक मावशी तक्रार घेऊन आल्या. नवरा फौजेत होता. तो गेल्यावर मिळालेली सगळी रक्कम त्यांनी एका पतसंस्थेत ठेवली होती. आता गुडघ्यांचं ऑपरेशन करायचं होतं आणि संस्था ठेव देत नव्हती. आमचं ऑफिस वरच्या मजल्यावर. बाई एकेका पायरीवर बसत वर आल्या होत्या.

"अध्यक्ष म्हणायचे, मावशी, गंगापूर रोडला आपली एवढी मोठी इमारत हाय, कशाला भिता? दर साली असंच सांगून मुदत वाढवून घेतली. मला लय भरवसा वाटला, साहेब."

ही इमारत म्हणजे संस्थेने भाड्याच्या उत्पन्नासाठी घेतलेले गाळे. अशा मालमत्तेच्या हिशेबाचा नियम सरळ आहे. आज बाजारात तिची रास्त किंमत काय, ते प्रामाणिकपणे सांगायचं, आणि किंमत घसरली असेल तर मूल्यघट दाखवून तोटा कबूल करायचा. यांच्या अहवालात मात्र सगळे गाळे भाड्याने गेलेले, किंमत दरवर्षी चढती आणि मूल्यघट शून्य.

मग एक निनावी फोन आला. "साहेब, मी तिथला जुना भाडेकरू. तळघरात पाणी साचतं, भिंतींनी ओल धरलीय. आम्ही सगळे केव्हाच निघालो तिथून."

पंचनाम्याची कुणकुण अध्यक्षांना लागली होती. मध्ये दसरा आला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दोन पंच घेऊन इमारतीवर गेलो. सगळी शटर खाली, प्रत्येकावर कोरी करकरीत पाटी. कुठे दवाखाना, कुठे टेलर, कुठे क्लास. अध्यक्ष हात जोडून हजर.

"सगळ्यांनी सणाची सुट्टी घेतलीय, साहेब. आज कुणाची गाठ पडायची नाही."

मी रस्त्यापलीकडे पाहिलं. तिथली दुकानंही बंदच होती, पण प्रत्येक शटरला कालच्या झेंडूचं तोरण होतं. इकडे एक पाकळी नव्हती.

"अध्यक्ष, दसऱ्याला पंक्चरवालासुद्धा आपल्या पंपाला फूल वाहतो. तुमच्या एवढ्या भाडेकरूंत एकालाही तोरण बांधावंसं वाटलं नाही?"

गृहस्थाचा चेहरा उतरला. शटर उघडायला लावली. आत जाळी, कुबट वास आणि पोपडे सुटलेल्या भिंती. पाट्या रंगवून घ्यायची अक्कल होती, पण धंदा करणारा माणूस सणाला काय करतो याचा या दीडशहाण्यांना पत्ता नव्हता.

संस्थेला गाळ्यांची किंमत ठरवून देणाऱ्या तज्ज्ञाला जबाबासाठी बोलावलं. इस्त्रीचा शर्ट, इंग्रजी तोंडात.

"सर, रास्त किंमत हा शेवटी मताचा प्रश्न असतो."

"मत जागा बघून द्यायचं असतं. आत गेला होतात?"

"बाहेरून पाहिली."

"बाहेरून म्हणजे कुठून?"

"गाडीतून."

माझा हात टेबलावर आपटला. त्याच्या गालावर आपटला नाही, एवढीच खाकीची शिस्त. त्यानंतर तो भडाभडा बोलला. आकडा अध्यक्षांनी आधीच सांगितला होता. पडती किंमत दाखवली असती तर नव्या ठेवी आल्या नसत्या आणि जुन्या लोकांनी दाराशी रांग लावली असती.

दोघांना अटक झाली, दोषारोपपत्र गेलं, दोघेही जामिनावर सुटले. इमारत जप्त झाली, पण ती ओल विकत घेणार कोण? तेव्हापासून कुणी मला जागेची किंमत सांगितली की मी आधी विचारतो, तिथे शेवटचा पाय कधी ठेवला होतास?

पुढच्या दसऱ्याला मावशी पुन्हा ऑफिसात आल्या. हातात आपट्याची पानं.

"सोनं घ्या, साहेब."

"ऑपरेशन?"

"पैशाबिगर कुठलं व्हतंय?"

आपट्याचं पान आपण सोनं म्हणून देतो. ते पान आहे हे देणाऱ्यालाही ठाऊक असतं आणि घेणाऱ्यालाही. त्या हरामखोरांनी हा साधा प्रामाणिकपणाही पाळला नव्हता.

मी पान कपाळाला लावून खिशात ठेवलं आणि मावशींना सोडायला जिन्यापर्यंत गेलो. त्या पहिल्या पायरीवर बसल्या आणि बसतच खाली उतरू लागल्या.