फुगली की फुटली

नानांना बातमी सांगायची सोय नव्हती. तुम्ही तोंड उघडलंत की पहिला प्रश्न यायचा, "पाहिलं की ऐकलं?" ऐकलं म्हणालात की ते चष्मा काढून ठेवत, म्हणजे तुमचं बोलणं संपलं.

नाना एका दैनिकाचे महाडचे वार्ताहर. स्टँडसमोर माझं एसटीडी-फॅक्सचं दुकान होतं, त्यांच्या बातम्या तिथूनच जात. एकदा कशेडी घाटात दरड कोसळली. ट्रक गाडले गेल्याची आवई गावभर उठली. नाना भर पावसात जाऊन आले आणि चिखलाच्या पायांनी माझ्या दुकानात उभं राहून त्यांनी लिहिलं, "दरड कोसळली. ट्रक रांगेत उभे आहेत. ड्रायव्हर चहा पीत आहेत." संपादक वैतागले. मला मात्र त्या चिखलाचाही राग आला नाही.

मग मोबाईल आले आणि माझ्या धंद्याला उतरती कळा लागली. त्या डबड्यांवर माझा दात होताच. त्यातच एका कंपनीने जाहीर केलं, की आमच्या काही बॅटऱ्या चार्जिंगला तापतात, फुगतात, त्या दुकानात देऊन नवीन फुकट न्या. पेपरात हे आलं सिनेमाच्या जाहिरातींखाली, मुंगीएवढ्या अक्षरांत. वाचणार कोण?

तुडीलचा महादू फडक्यात बॅटरी गुंडाळून आला. "नाना, ही बघा, भाकरीवानी फुगलीय. घरात ठेवाया भ्या वाटतंय." नानांनी ती बोटांनी चाचपली आणि बातमी लिहिली. बॅटरी फुगली, इजा कोणाला नाही, आपली बॅटरी काढून मागचा नंबर बघा, दुकानात बदलून मिळेल. फॅक्स मीच केला.

दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर छापून आलं, "तुडीलमध्ये मोबाईलचा स्फोट! बॅटरी फुटली, शेतकरी बचावला." नंबर बघायचं, बदलून घ्यायचं, सगळं कापलेलं. महादूची सासुरवाडी पोलादपूरहून रडत आली, तर जावई ओटीवर जेवत बसलेला. गावभर हसू झालं. आणि तिथेच घात झाला. मोबाईलचा दुकानदार म्हणू लागला, "पेपरवाल्यांचं सगळं खोटं." लोकांना ते पटलं. फुगलेल्या बॅटऱ्या पुन्हा उशाशी चार्जिंगला लागल्या.

नानांना इतकं संतापलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी माझ्या फोनवरून संपादकांना गाठलं. "साहेब, खुलासा छापा. मी 'फुगली' लिहिलं होतं." पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही, पण नानांचे कान लाल झाले. "फुगलेलं कोणी वाचत नाही? मग मी फळ्यावर लिहितो, तिथे वाचतील." त्यांनी फोन ठेवला. मी घाबरले. त्या वार्ताहरकीवर त्यांचा जीव होता. तिच्यामुळे तहसीलदार उठून खुर्ची देत. म्हटलं, "नाना, या वयात कशाला?" ते म्हणाले, "वहिनी, कोणाच्या अंथरुणाला आग लागली, तर ते पाहायचं की ऐकायचं?"

स्टँडवरच्या वार्ताफलकावर त्यांनी ठसठशीत अक्षरांत सगळं लिहिलं. दुकानदार पुसायला आला. "पुसा," नाना म्हणाले, "मी इथेच बसलोय." आणि खडू हातात धरून खरंच बसले. रोज बसले. एसटीची वाट बघणारे फळा वाचायचे आणि उभ्याउभ्या मोबाईल उघडून नंबर बघायचे. शेवटी त्याच दुकानदाराला बॅटऱ्या परत घ्यायला टेबल मांडावं लागलं. मला कोण आनंद झाला!

पुढच्याच आठवड्यात पेपरात चौकट आली. नानांचा फोटो, आणि खाली, "या व्यक्तीचा आमच्या दैनिकाशी कोणताही संबंध राहिलेला नाही." माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पेपर त्यांच्यापासून लपवणार, तोच ते दारात उभे. त्यांनी चौकट सावकाश वाचली, पुन्हा एकदा वाचली.

"वहिनी, यात एकही अक्षर चुकलेलं नाही," ते म्हणाले. "म्हणजे जमतं त्यांना."