दाजी शहर बघून गेले

आमचे दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या ताईचे यजमान, निवृत्त झाले आणि एकटेच आमचं जुनं शहर बघायला आले. उतरले कुठे, तर माझ्याकडे. लग्न होऊन मी इथे आल्यापासून ताई म्हणतेय, "एकदा तुमच्या गावचा राजवाडा बघायचाय गं." तिला घरी ठेवून हे एकटेच हजर! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

मी त्या राजवाड्याच्याच दारात, सामान ठेवायच्या खिडकीवर बसते. पिशवी घ्यायची, बिल्ला द्यायचा. हजार तऱ्हेची माणसं बघितली, पण हा नमुना वेगळाच. जेवणाच्या सुट्टीत मीच त्यांना आत नेलं. दरबारात शिरले ते थेट पाटीकडे. पाटी मोठ्याने वाचली, तिचा फोटो काढला, "घरी जाऊन निवांत बघतो" म्हणाले आणि निघाले पुढच्या पाटीकडे. वर छतभर रंगवलेलं आकाश, पण मान वर करतील तर शपथ!

दाजींची सगळी नोकरी पाणीपुरवठा खात्यात. राणीच्या महालात उभं राहून माणसाने काय विचारावं? "इथे सांडपाण्याची सोय काय होती?" पहारेकऱ्याने माझ्याकडे बघितलं. मी ओळखच दाखवली नाही.

रोज संध्याकाळी ताईला व्हिडिओ कॉल. पडद्यावर दाजींचं नाक, आणि नाकामागे जमलंच तर अर्धा बुरूज. "दिसलं ना सगळं? छान आहे की नाही?" ताई आपली म्हणायची, "हो, छान आहे." तिचा तो सोशिक आवाज ऐकून मला आणखीच चीड यायची.

निघायच्या आदल्या दिवशी मी फुटलेच. "दाजी, लाज नाही वाटत? बायको घरात आणि तुम्ही इथे पाट्या वाचत हिंडताय! पुढच्या महिन्यात तिला घेऊन या, नाहीतर माझ्या दारात पाऊल टाकू नका."

दाजी चपापले. "अगं, पण तिनेच तर..."

मी बोलूच दिलं नाही. समोर बसवून दोघांची गाडीची तिकिटं काढायला लावली. तिकिटं निघाली तशी त्यांची कळी खुलली. "बरं झालं बोललीस. मला आता सगळं पाठ झालंय. मीच तिला हाताला धरून फिरवतो."

मी लगेच ताईला फोन लावला. "ताई, पुढच्या महिन्यात तू येतेयस! दाजींना चांगलं सरळ केलंय मी."

"म्हणजे... तेही येणार?"

"मग काय! तुझ्याबरोबरच."

ताई कळवळलीच. "काय केलंस गं हे! आधी ते एकटे जातील, मग मी एकटी, असं कबूल करून घेतलं होतं मी. किती महिने मागे लागून. आता कुठल्या तोंडाने त्यांना नको म्हणू?"

तेवढ्यात आतल्या खोलीतून दाजी ओरडले, "तिला सांग, पहिला दिवस फक्त बुरुजांचा!"