आम्लबाईंनी आखलेली पदवी

विज्ञान शाखेच्या कचेरीत खिडकीजवळच्या टेबलाशी ज्या बाई बसत, त्यांना मुलं पाठीमागे आम्लबाई म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं आणि त्याचा त्यांना रागही येत नसे. मूर्खांनी एक तरी गोष्ट बरोबर ओळखली, एवढंच त्यांचं त्यावर म्हणणं.

काम विषयसल्लागाराचं. कुठल्या वर्षी कुठला विषय घ्यायचा, कशाच्या आधी काय यायला हवं, एखादा विषय राहिला तर पुढे काय अडतं, हे येणाऱ्या प्रत्येकाला समजावायचं आणि त्याची पदवीची सगळी वर्षं आखून द्यायची. त्याआधी त्या रसायनाच्या प्रयोगशाळेत शिकवायच्या. वाफांनी दमा जडला, डॉक्टरांनी प्रयोगशाळेचं दार बंद केलं आणि विद्यापीठाने त्यांना उचलून या टेबलाशी आणून बसवलं. थेंबाथेंबाचा हिशेब ठेवणाऱ्या बाईवर पोरासोरांची वेळापत्रकं जुळवायची पाळी आली. ते काम त्या चोख पार पाडत, पण समोर बसलेल्याला आपण किती खालच्या पायरीवर आहोत याची जाणीव करून दिल्याशिवाय उठू देत नसत.

त्यातून मानसशास्त्राची पदवी विज्ञान शाखेत आली आणि बाईंच्या कपाळाला कायमची आठी पडली. मनाचं शास्त्र म्हणे. ज्याला वजन नाही, रंग नाही, जे उकळत नाही की गोठत नाही, त्याचं कसलं आलंय शास्त्र? चारचौघींच्या गप्पांना पांढरा कोट घातला की झालं! आणि ते शिकायला येणारी मुलं तर बाईंच्या मते गाळातला गाळ होती. कुणाला माणसं वाचायची असत, कुणाला लोकांची दुःखं ऐकायची असत आणि गणित कुणालाच नको असे. एका मुलीला त्यांनी सरळ सांगितलं होतं की, दुःखं ऐकायला पदवी कशाला हवी, बसथांब्यावर जाऊन बस, लोक फुकट सांगतात. मग त्या शांतपणे आखणी पुढे करत. पहिल्या वर्षी गणित आणि जीवशास्त्र, दुसऱ्या वर्षी संख्याशास्त्र, ते सुटलं तरच पुढचे प्रयोग, आणि लोकांची दुःखं कुठेच नाहीत. समोरचा चेहरा उतरत जाई, आणि बाईंचा दिवस सार्थकी लागे.

शाखाप्रमुखांनी त्यांच्या पाठीमागच्या भिंतीवर 'तुमचं मन, तुमची वाट' असं लिहिलेलं रंगीत चित्र लावलं होतं. बाई त्याच्या खिळ्याला आपली पिशवी अडकवत.

अशाच एका प्रवेशाच्या हंगामात, रांगेतल्या पोरांच्या डोक्यांवरून एक पिकायला लागलेलं डोकं दिसलं. बाईंनी चष्मा वर केला. त्यांचा सख्खा धाकटा भाऊ होता.

या भावाला बाईंनीच गुंडाळराव असं नाव ठेवलं होतं, कारण हाती घेतलेलं गुंडाळण्यापलीकडे त्याने काही केलं नव्हतं. फोटोचा स्टुडिओ काढला, गुंडाळला. कोंबड्या पाळल्या, त्या मेल्या. प्रवासी गाडी घेतली, ती विकली. मधली काही वर्षं तर तो नुसता घरात होता. भावजयीचं शिवणाचं दुकान चालायचं म्हणून चूल पेटत होती. त्या वर्षांत वडील त्याच्याकडे होते आणि त्यांना हळूहळू सगळ्याचा विसर पडत गेला होता. त्यांचं न्हाणंधुणं, जेवण, रात्री उठून दार उघडायला धावणं, सगळं यानेच केलं. पण बाईंच्या लेखी ते काम नव्हे. काम नसलेल्या माणसाने आणखी काय करायचं?

भाऊ समोर येऊन बसला. तो मानसशास्त्राला प्रवेश घ्यायला आला होता.

बाईंनी त्याला ओळख दिली नाही. या वयात ही अवदसा कशी आठवली, असं त्यांनी इतरांना विचारत त्याच स्वरात विचारलं. मागच्या मुलांनी कान टवकारले.

भाऊ थोडा घुटमळला, मग म्हणाला, "ताई, बाबांना शेवटी माझं नावही आठवत नव्हतं. पण पत्ते हातात दिले की पिसताना, वाटताना एक चूक होत नव्हती. हे कसं होतं, ते मला समजून घ्यायचंय."

बाईंच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही, पण आत काहीतरी फसफसलं. वडिलांच्या आजारपणात त्या एकदा फळं घेऊन गेल्या होत्या. वडिलांनी त्यांना 'सिस्टर' म्हणून हाक मारली, इंजेक्शन नको म्हणून सांगितलं, आणि मग त्यांच्यासमोर तेरा-तेरा पानं अचूक वाटली. लेक विसरता येते आणि पत्ते बरे लक्षात राहतात! ते त्यांच्या मनाला इतकं लागलं की त्यानंतर त्यांनी त्या घराची पायरी क्वचितच चढली. म्हातारा सोंग करतोय, नावडती होते तशीच नावडती राहिले, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं.

"त्यासाठी पदवी नको," त्या म्हणाल्या. "डॉक्टरला विचारायचं होतंस."

"विचारलं. तो म्हणाला, असं होतं. कसं होतं ते नाही म्हणाला."

बाईंनी कागद ओढला आणि आखणी करायला घेतली. गणित टाकलं, जीवशास्त्र टाकलं. एक विषय शाखेतला कुठलाही घेता येत असे, आणि शहाणे लोक त्या जागी सोपंसं काहीतरी घेत. बाईंनी तिथे रसायन टाकलं, प्रयोगांसकट. नियमाबाहेर त्यात काही नव्हतं. सहा महिन्यांत गाशा गुंडाळेल, अशी त्यांना खात्री होती, आणि एकदाचा गुंडाळावाच, अशी इच्छाही. भावाने कागद वाचला, रसायनावर बोट ठेवलं, ताईकडे पाहिलं आणि सही केली.

बाईंचा हिशेब चुकला तो इथे. कारण पुढच्या रविवारी सकाळी भाऊ रसायनाचं पुस्तक काखेत मारून त्यांच्या दारात उभा राहिला. बाईंच्या नवऱ्याला मेहुण्याचं कौतुक, त्याने लगेच चहा टाकला. भाऊ स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसत म्हणाला की, रसायन तू मुद्दाम घातलंस हे माझ्या लक्षात आलं, तुझा विषय आहे, अडलं तर घरीच विचारता येईल असा विचार केला असशील.

तो हे खवचटपणे म्हणतोय की भाबडेपणाने, हे बाईंना कळेना. खरी गोष्ट सांगण्याची तर सोय नव्हती. झक मारत शिकवावं लागलं.

शिष्य कसला, दगड होता! समीकरणाची एक बाजू जुळवली की दुसरी सुटायची. आम्ल आणि अल्कली यांच्यात तो दर रविवारी नव्याने गोंधळायचा. बाई त्याला वाट्टेल ते बोलत. तुझ्यापेक्षा रिकामी परीक्षानळी बरी, ती निदान आरपार दिसते, असं एकदा म्हणाल्या. भाऊ हसला आणि पुन्हा पहिल्यापासून विचारायला लागला. नवरा आतून ऐकत असे. एका रविवारी भाऊ यायला उशीर झाला तेव्हा तू तीनदा गॅलरीत जाऊन आलीस, असं त्याने बायकोला सांगितलं. बाई म्हणाल्या, कपडे वाळलेत का ते बघत होते.

वर्षाच्या उत्तरार्धात मानसशास्त्राच्या मुलांना एक प्रयोग होता आणि त्यासाठी प्रत्येकाला एक बाहेरचा माणूस आणायचा होता. भावाने ताईला विचारलं. तमाशा जवळून बघायला मिळेल, म्हणून बाई तयार झाल्या.

मानसशास्त्राची प्रयोगशाळा म्हणजे जुन्या ग्रंथालयाची मागची खोली. ना नळ, ना गॅस, ना वास. ज्या खोलीला वास नाही तिला प्रयोगशाळा म्हणायचं, यातच सगळं आलं, असं बाई मनात म्हणाल्या. टेबलावर एक उभा आरसा, त्याच्यापुढे हात झाकणारी फळी आणि फळीखाली कागदावर दुहेरी रेषेने काढलेली चांदणी. हाताकडे बघायचं नाही, आरशात बघायचं आणि दोन रेषांच्या मधून पेन्सिल फिरवायची. हा पोरखेळ बघून बाईंना हसू आलं. आयुष्यभर ब्युरेटची, थेंब मोजून सोडणाऱ्या काचनळीची, तोटी सांभाळलेला हात तो.

पेन्सिल टेकवली आणि हात उलटाच गेला. वर न्यावी तर खाली, खाली आणावी तर वर. पहिल्याच कोपऱ्यावर पेन्सिल अशी अडकली की हलेना. शेजारी उभी असलेली शिकवणारी मुलगी, बाईंच्या लेकीच्या वयाची, निर्विकारपणे घड्याळाकडे बघत होती. बाईंनी आरशावर खापर फोडलं. मग उठून आरसा तपासला, फळी तपासली, घड्याळ आपल्या घड्याळाशी ताडून पाहिलं. सगळं जागच्या जागी होतं. खोट काढायला जागाच नव्हती, आणि याचाच त्यांना जास्त राग आला. पुन्हा बसल्या. फेऱ्यांमागून फेऱ्या केल्या. दुसऱ्या दिवशी कुणी न बोलावता स्वतः गेल्या, तेव्हा हात पुष्कळ सरळ चालला.

तेव्हा भावाने सांगायला सुरुवात केली. ज्याला कालचं काही आठवत नाही, आपण या खुर्चीवर बसलो होतो हेही ज्याला ठाऊक नाही, अशा माणसाचा हातही दुसऱ्या दिवशी सुधारतो. तो म्हणतो, मी हे पहिल्यांदाच करतोय, आणि हात मात्र सराईतासारखा चालतो. म्हणजे, भाऊ म्हणाला, हाताच्या आठवणींची खोली वेगळी असते.

"खोली म्हणू नका," शिकवणारी मुलगी म्हणाली. "आठवणीचा प्रकार वेगळा म्हणा. मेंदूत कुठे काय, ते तिसऱ्या वर्षी आहे. त्याआधी संख्याशास्त्र सुटू दे."

बाईंना ते उत्तर आवडलं. आपण दिलं असतं तसंच होतं. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

"म्हणजे तो माणूस सोंग करत नसतो," त्या म्हणाल्या.

"नाही, ताई," भाऊ म्हणाला.

"पानं येतात म्हणून माणसंही यायला हवीत, असं नाही."

"नाही."

बाईंनी पिशवी उचलली. बाहेर पडताना खोलीला खिडक्या कमी आहेत, एवढं त्या म्हणाल्या.  घरी नवऱ्याने काय झालं विचारलं तर दमा उठलाय म्हणाल्या, आणि डोळे पुसले.

वर्ष संपलं. भाऊ रसायनात काठावर पास झाला, गणितातही कसाबसा तरला आणि पुढच्या वर्षाची आखणी करायला टेबलाशी आला. येऊन बसला आणि म्हणाला, मी मानसशास्त्र सोडावं म्हणतो. नुसत्या सरासऱ्या काढायच्या, त्याच त्या आकड्यांची कोष्टकं, पुढे तर सगळं संख्याशास्त्रच. त्यापेक्षा रसायन बरं, निदान रंग तरी बदलतो. तूही आहेस शिकवायला.

वर्षापूर्वी हे ऐकून बाईंनी मनातल्या मनात पेढे वाटले असते. आता त्यांचं माथं भडकलं. मागे रांग होती, पलीकडे कारकून होते. त्यांनी कुणाची पर्वा केली नाही.

"रसायनात तू काय दिवे लावलेस ते मला विचार," त्या म्हणाल्या. "काठावर पास झालास तो माझ्या रविवारांवर. आणि ज्यासाठी आलास ते अर्धंच विचारून झालंय. उरलेलं अर्धं कोण विचारणार? मी?"

"पण संख्याशास्त्र मला जमणार नाही, ताई."

"कोंबड्या कुठे जमल्या होत्या? तेव्हा लाज वाटली नाही, आता वाटते?"

त्यांनी कागद ओढला आणि दुसरं वर्ष आखलं. संख्याशास्त्र, त्याला जोडून प्रयोगांची पद्धत, आणि खाली तिसऱ्या वर्षासाठी मेंदूचं जीवशास्त्र. रसायन कुठेच नव्हतं. भावाने तो कागद पाहिला, डोकं खाजवलं आणि सही केली. आम्लबाईंनी मानसशास्त्राची बाजू घेतली ही बातमी दुपारपर्यंत कचेरीभर झाली, आणि पलीकडच्या कारकुनाने बाईंना बरं नाही का, अशी चौकशीही केली.

संख्याशास्त्रात भाऊ बुडाला. पुन्हा बसला, पुन्हा बुडाला. बाईंना स्वतःला ते फारसं येत नव्हतं. पण भावाला काही येत नाही हे सहन करण्यापेक्षा स्वतः शिकणं सोपं, म्हणून त्या शिकल्या, आणि आदल्या रविवारी स्वतः वाचलेलं पुढच्या रविवारी त्याच्या डोक्यात कोंबायला लागल्या. तिसऱ्या खेपेला तो निघाला. पदवीला ठरल्यापेक्षा जास्त वर्षं लागली आणि मिळाला तिसरा वर्ग. भावजयीने दुकान बंद ठेवून समारंभाला टाळ्या वाजवल्या. बाई म्हणाल्या, तिसऱ्या वर्गाला एवढ्या टाळ्या म्हणजे पहिल्याचा अपमान आहे.

मुलांशी त्या आजही तशाच वागतात. मानसशास्त्राला आलेल्यांशी तर थोडं जास्तच. माणसं वाचायला आलेल्या एखाद्या पोराला त्या अजूनही सोलून काढतात, फक्त आता वर ऐकवतात की विषय गंभीर आहे आणि तुझ्यासारख्यांसाठी तो नाही. रसायनाच्या एका जुन्या सहकाऱ्याने चहाच्या वेळी मनाच्या शास्त्राची टर उडवली, तेव्हा त्याचा दोन वर्षांपूर्वीचा फसलेला प्रयोग त्यांनी सगळ्यांसमोर बाहेर काढला. तो आता त्यांच्या टेबलावर बसत नाही.

भावाला एका मोठ्या इस्पितळात काम मिळालंय. विस्मरण होणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या चाचण्या घेताना तो मदत करतो. प्रश्न विचारतो, उत्तरं टिपतो, घाबरलेल्यांना पाणी देतो. सुटलं की ताईकडे डोकावतो आणि दिवसभराचं सांगत बसतो. बाई ऐकतात आणि त्याच्या बोलण्यातल्या चुका काढतात. परवा त्याने सांगितलं की एका आजोबांनी सगळ्या प्रश्नांची उत्तरं चुकीची दिली आणि शेवटी त्यालाच म्हणाले, तुमचा अभ्यास कच्चा आहे.

"त्यांना काही झालेलं नाही," बाई म्हणाल्या. "घरी पाठव."