वडिलांनी पारखलेला शॉकअप

डोंगरावरून उड्या मारायच्या सायकलला पुढचा शॉकअप घ्यायला मी बीडला निघालो, तर वडील सोबत आले. तिथंच माझं नशीब फुटलं. दुकानदारानं दोन शॉकअप पुढं ठेवले. मी घसा फोडून सांगत होतो, की दणका शॉकअपनं गिळायचा असतो, म्हणून तो दबलाच पाहिजे. पण वडिलांनी जन्मभर बैल पारखलेले. ते बैलाच्या पाठीवर तळवा ठेवून अंगाचा भार टाकायचे, वाकला की नापास. तसाच त्यांनी दोन्ही शॉकअपवर भार टाकला. पहिला मऊपणे खाली गेला.

"गुडघ्यात कच्चा हाय ह्यो," असं म्हणून त्यांनी दुसरा, लोखंडी पहारीसारखा ताठ, उचलला.

मांजरसुंब्याच्या डोंगरावर पहिल्याच उडीत तो तसूभरही दबला नाही. सगळा दणका हातांत आला आणि माझी दोन्ही मनगटं मोडली.

दवाखान्यात वडिलांनी माझ्या प्लास्टरवर तोच तळवा ठेवून दाबून बघितलं. मी किंचाळलो. भेटायला आलेल्या पाहुण्यांकडं वळून ते म्हणाले, "शॉकअपला ओरखडा न्हाई. पोरगंच कच्चं निघालं."