पाठीची माती

शाळेत सातवीच्या वर्गावर होतो. शिपाई दारात येऊन नुसता उभा राहिला, तेव्हाच कळलं, आबा गेले. खडू खाली ठेवला. सायकल शाळेतच राहिली, चालत घरी आलो. घाई कशाची करायची होती...

सांगलीतल्या आमच्या दोन खोल्यांत मग माणसं येत राहिली. आबांचे मोडके कान, त्यांची मांडी, साताऱ्यापासून इकडं मिरजेपर्यंत त्यांनी मारलेली कुस्तीची मैदानं, सगळं बोलून झालं की प्रत्येक जण उठता उठता म्हणायचा, न्हाणीत पाय घसरल्याचं निमित्त झालं बघा. मी मान हलवायचो. दीड महिना होत आला, मान हलवतोच आहे. आता लिहून टाकतो. माझे वडील न्हाणीत पडले नाहीत. त्यांना मी पाडलं.

आमचं गाव कऱ्हाडच्या अलीकडं, कृष्णाकाठी. आबा तिथल्या तालमीचे वस्ताद. लहानपणी जत्रेत नारळाच्या कुस्तीला त्यांनी मला उभं केलं आणि मी बघता बघता चितपट झालो. आबा फडात आले, दंडाला धरून मला उठवलं आणि सगळ्या गावासमोर कानाखाली मारली. "पाठीला माती लावून माज्या म्होरं यायचं न्हाई," एवढंच बोलले. त्यानंतर मी तालमीत पाय ठेवला नाही. शिकलो, मास्तर झालो, सांगलीला राहिलो. सणावाराला गावी जायचो. आम्ही दोघं पावसापाण्याचं बोलायचो.

दुष्काळ सरला त्या साली माझा चुलतभाऊ शंकर त्यांना एसटीनं घेऊन आला. आबांनी दूध घालायला आलेल्या माणसाला चोर समजून चरवीनं त्याचं डोकं फोडलं होतं. शंकर म्हणाला, "आता तुजं तू बघ. आमच्यात ताकद न्हाई." आबांनी मला ओळखलं नाही. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी माझा गळा धरला. बोटं सोडवताना मला त्यांचा अंगठा मागं पिरगळावा लागला. पुढं हे रोजचंच झालं. खिडकीची काच फोडून ती रक्ताळलेली मूठ त्यांनी भिंतीवर आपटली. माझी बायको सुमन भरवायला बसली की तिचं मनगट चावायचे. डॉक्टर म्हणाले, मेंदू झिजत चाललाय, याला औषध नाही, आणि झोपेच्या गोळ्या दिल्या. गोळ्यांनी ते झोपायचे नाहीत, धडपडत भिंतीवर जाऊन आपटायचे. कुणी सांगितलं भजनं ऐकवा. ट्रान्झिस्टर लावला, तर तो त्यांनी माझ्याच डोक्यात घातला. खूण आहे अजून. मी त्यांना चऱ्हाटानं कॉटला बांधलं. एकदा नाही, कितीतरी वेळा. बांधताना मारलंही. एवढंच नव्हे, मारताना बरं वाटायचं... तेही लिहायला हवं.

एका दुपारी त्यांनी सुमनचे केस मुठीत धरले होते आणि तिचं डोकं चौकटीवर आपटत होते. मी मागून त्यांच्या कमरेला मिठी मारून ओढत होतो. तेवढ्यात रस्त्यावर हलगी वाजली. कुठल्याशा कुस्तीच्या मैदानाची दवंडी चालली होती. आबांची मूठ सुटली. ते खाली वाकले, फरशीवर माती शोधू लागले, सापडली नाही तरी तळहात चोळले, दंड थोपटला आणि माझ्यासमोर हात पुढं करून उभे राहिले. मी भीतीनं हात दिला. त्यांनी वाकून माझे पाय खेचले, पट काढला, मी पाठीवर आदळलो. वाटलं, आता छातीवर बसणार. पण पाठ टेकली आणि ते थांबले. तसेच थांबले. मग हात देऊन मला उठवलं, माझ्या पाठीवरची धूळ पंज्यानं झाडली, आणि म्हणाले, "ताकद हाय गड्या, पर मन न्हाई. पुन्यांदा ये." त्या रात्री ते लहान मुलासारखे जेवले आणि झोपले.

दवंडीवाल्या गणूला मी शोधून आणलं. परसात चार गाड्या तांबडी माती टाकली. गणू रोज दिवेलागणीच्या आधी यायचा, कागद पेटवून हलगी शेकायचा आणि ठेका धरायचा. त्या आवाजात आबांना सगळं आठवायचं, नावं सोडून. नुसता राग आला की त्याला शेवट नसायचा. कुस्तीला मात्र शेवट असतो. कुणाची तरी पाठ लागावी लागते. ती माझी लागायची. रोज. आणि रोज तो पंजा माझ्या पाठीवरून फिरायचा. त्याआधी आबांनी मला मारण्याखेरीज कधी हात लावल्याचं आठवत नाही.

मैदानांचे दिवस आले तसा गणू निघाला. जुनी हलगी सुमनला देऊन गेला. तिनं ठेका उचलला होता. मास्तरीणबाई हलगी वाजवतात म्हटल्यावर कंपाउंडच्या भिंतीवर गर्दी व्हायला लागली. आज नारळ कुणाला, असं विचारायचे. शाळेत दुसरे मास्तर माती लागलीय का म्हणून माझ्या सदऱ्याची पाठ बघायचे. सुमन म्हणायची, "हसू देत. मामंजी दोन घास खातात ना?" खरंच होतं. मलाही ते पटायचं. तरी पडताना दर वेळी कानाखाली ती जत्रेतली चपराक बसायची.

त्या दिवशी शंकर आबांना भेटायला आला होता. ओट्यावर चहा पीत बसला. सुमननं ठेका धरला. मी पडलो. भिंतीवरचे हसले. शंकरही हसला आणि म्हणाला, "आवं आबा, दमानं घ्या. पडायची सवय हाय त्येला, पयल्यापासनं."

आबांनी मला उठवलं, पाठ झाडली. पुन्यांदा ये, म्हणाले. मी गेलो. या वेळी त्यांनी मानेवर हात टाकला तेव्हा मी वाकलो नाही. त्यांचा दंड बगलेत धरला, पाय आत घातला आणि ढाक मारली. याच मातीत रोज माझ्यावर मारून त्यांनीच शिकवलेली. सत्तरी ओलांडलेल्या माणसावर सगळी ताकद लावून. ते माझ्या कमरेवरून उडाले आणि मातीच्या पलीकडं, धुण्याच्या दगडावर पडले. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. सुमनचा हात थांबला. भिंतीवरचे खाली उतरले. मला आनंद झाला होता. क्षणभर. पण झाला होता.

मी जवळ गेलो. त्यांचं तोंड पांढरं पडलं होतं, पण त्यांनी माझं मनगट धरलं आणि पडल्या पडल्याच माझा हात वर केला, पंच जिंकलेल्याचा करतो तसा. "लय झ्याक मारलास गड्या. कुन्या गावचा रं तू?"

मला गावाचं नाव घेता आलं नाही. वाईचा, म्हणालो.

"वाईचा... बरं," म्हणाले. मग मला जवळ ओढून हळूच बोलले, "सांगलीत माजं पोरगं मास्तर हाय. त्येला सांगू नगंस, मी पडलो म्हनून."

न्हाणीची गोष्ट शंकरनं रचली. मी आणि सुमननं ती चालवली, भिंतीवरच्यांनीही तीच धरली. त्यानंतर आबांनी कुणावर हात उगारला नाही. ते अंथरुणातून उठले नाहीत. सुमन उशाशी बसून बोटांनी हलगीवर हलका ठेका धरायची, आणि पांघरुणाखाली त्यांचे तळहात एकमेकांवर चोळले जायचे. मी दाराबाहेर उभा असायचो. आत जाऊन आपलं नाव सांगावं, असं रोज ठरवायचो.

हलगी परसदाराच्या खुंटीला आहे. पावसाळी हवेनं कातडं सैल पडलंय, आम्ही ते शेकत नाही. माती उचलून टाका, तिथं केळी लावा, असं शेजारी सांगतात. मी अजून संध्याकाळी खोऱ्यानं ती वरखाली करतो. परवा सुमन बाजारात गेली होती तेव्हा त्या मातीत जाऊन उताणा पडलो. जरा वेळ तसाच राहिलो. मग माझा मीच उठलो आणि पाठ झाडायला हात मागं नेला. वरून नेला, खालून नेला... मधोमध, जिथं त्यांचा पंजा पडायचा, तिथवर तो पोचत नाही.